रतिबाचा हिशेब: पहिलं अँड्रॉइड ॲप बनवायचं कसं आणि चालू ठेवायचं कसं

स्वयंपाकघरात टांगलेल्या कालनिर्णयच्या पानाकडे एकदा नीट बघा. एका तारखेला ‘अर्धा जास्त’, दुसऱ्या तारखेला ‘खाडा’, मधेच गॅस लावल्याची खूण. महिना संपला की घरातलं कोणीतरी ते चौकोन मोजतं, दूधवाल्याशी आकडा जुळवतं आणि पैसे देतं. अँड्रॉइड ॲप बनवायला शिकायचंय असं कोणी म्हणालं, की मी त्याला पहिलं काम हेच सांगतो: हे पान फोनवर आणा.

कॅल्क्युलेटर किंवा कामांची यादी बनवणारे धडे भरपूर आहेत. ते पूर्ण होतात, पण ते ॲप दुसऱ्या दिवशी कोणी उघडत नाही. रतिबाचा हिशेब घरातलं माणूस रोज उघडेल, आणि आकडा चुकला तर त्याच दिवशी तुम्हाला विचारेल. शिवाय यात तारीख आहे, पैसे आहेत, साठवण आहे, रोजची आठवण आहे. एवढ्याशा ॲपमध्ये अँड्रॉइडचा बराचसा अभ्यासक्रम येतो. आणि हे ॲप तुम्ही तीन-चार वर्षं जिवंत ठेवलंत, तर ‘नवीन काय आलंय’ याच्या मागे वेगळं धावावं लागत नाही. नवीन काय आलंय ते हे ॲपच तुम्हाला दाखवतं. ते कसं, ते शेवटी सांगतो. आधी सुरुवात.

काय शिकायचं

ॲप कशात लिहायचं: फ्लटर घेऊ, रिॲक्ट नेटिव्ह घेऊ (दोन्ही एकाच कोडमधून अँड्रॉइड आणि आयफोनची ॲप बनवायची साधनं) की कोटलिन? माझं उत्तर ठरलेलं आहे: आधी कोटलिन, ही अँड्रॉइडची भाषा, आणि जेटपॅक कंपोज, हे त्या भाषेत स्क्रीन काढायचं गूगलचं साधन. रिॲक्ट नेटिव्ह २०१५ साली फेसबुकने आणलं, फ्लटरची १.० आवृत्ती गूगलने डिसेंबर २०१८ मध्ये काढली. दोन्ही चांगली आहेत आणि दोन्हींवर लोकांची पोटं भरतात. पण परवानग्या, नोटिफिकेशन, ॲप बंद असताना चालणारी कामं अशा ठिकाणी अडलं, की शेवटी फोनच्या मूळ व्यवस्थेतच उतरावं लागतं. तो खालचा मजला आधी बघितलेला असला तर वरचा मजला समजायला वेळ लागत नाही. उलटं करणाऱ्यांना मी पुष्कळदा महिनोन्‌महिने एकाच एररशी झगडताना पाहिलंय.

आयफोनसाठी बनवायचं तर मॅक लागतो आणि ॲप स्टोअरवर राहण्यासाठी ॲपलला दर वर्षी ९९ डॉलर द्यावे लागतात. अँड्रॉइडला विंडोज, लिनक्स काहीही चालतं. गूगल प्लेची फी एकदाच, २५ डॉलर, आणि तीही ॲप प्लेवर टाकायच्या वेळी. तोवर शिकण्याचा खर्च शून्य.

लॅपटॉप, केबल आणि सात टिचक्या

अँड्रॉइड स्टुडिओला, म्हणजे ॲप लिहायच्या गूगलच्या सॉफ्टवेअरला, किमान ८ जीबी रॅम लागते. सोबत एमुलेटर, म्हणजे स्क्रीनवरचा खोटा फोन, चालवायचा तर १६ जीबी हवी. एसएसडी नसेल तर आधी ती बसवा. जुन्या हार्ड डिस्कवर प्रत्येक बिल्डला, म्हणजे कोडचं ॲप बनवायला, चहा करून यावा लागेल इतका वेळ जातो. तुमच्याकडे ८ जीबीच असेल तर एमुलेटरच्या वाटेला जाऊ नका, स्वतःचा फोन जोडा. शिकायला खरा फोन जास्त चांगला, कारण ॲप हातात धरून कसं वाटतं ते कळतं.

फोन जोडण्यासाठी सेटिंग्जमध्ये ‘अबाउट फोन’मधल्या ‘बिल्ड नंबर’वर सात वेळा टिचकी मारा. ‘डेव्हलपर ऑप्शन्स’ दिसू लागतील. तिथे ‘यूएसबी डिबगिंग’ चालू करा. फोन लॅपटॉपला दिसत नसेल तर आधी केबल बदला. घरातल्या काही केबली नुसत्या चार्जिंगच्या असतात, त्यांतून डेटा जातच नाही. यात नवख्या माणसाची अख्खी संध्याकाळ जाते आणि दोष तो स्वतःला देतो. अँड्रॉइड ११ किंवा पुढचा फोन असेल तर वायफायवरूनही जोडता येतो.

नवा प्रोजेक्ट करताना ‘एम्प्टी ॲक्टिव्हिटी’ निवडा. ‘एम्प्टी व्ह्यूज ॲक्टिव्हिटी’ जुन्या पद्धतीची आहे. प्रोजेक्टचा फोल्डर अशा जागी ठेवा, की त्याच्या पूर्ण पत्त्यात देवनागरी अक्षरं येणार नाहीत. विंडोजचं खातं मराठी नावाने उघडलेलं असेल तर तिथेच स्टुडिओ कुरकुर करतो. सरळ डी ड्राइव्हवर इंग्रजी नावाचा फोल्डर करा. पॅकेजचं नाव, म्हणजे ॲपची कायमची ओळख, आत्ताच विचार करून द्या. ‘कॉम डॉट एक्झाम्पल’ने सुरू होणारं नाव प्ले घेत नाही, आणि एकदा ॲप प्लेवर गेलं की ते नाव बदलता येत नाही.

पहिल्यांदा प्रोजेक्ट उघडला की ग्रेडल, म्हणजे बिल्ड करणारं साधन, बरंच काही डाउनलोड करतं. खाली पट्टी सरकत असेल तोवर काहीही दाबू नका. चांगलं नेट असलेल्या जागी हे एकदा उरका.

आधी हिशेब, मग स्क्रीन

बहुतेक जण इथे थेट बटणं आणि रंगांकडे वळतात. मी उलटं करायला सांगतो. पहिले दोन-तीन आठवडे फोन बाजूला ठेवा आणि कोटलिनच्या संकेतस्थळावरच्या प्लेग्राउंडमध्ये, ब्राउझरमध्येच, रतिबाचा हिशेब लिहा. काहीही इन्स्टॉल करावं लागत नाही.

यासाठी कोटलिन किती यायला हवं? ‘व्हॅल’ आणि ‘व्हार’ यांतला फरक, फंक्शन, ‘इफ’ आणि ‘व्हेन’, डेटा क्लास, लिस्ट आणि तिच्यावरचे ‘फिल्टर’, ‘मॅप’, ‘सम-ऑफ’, लॅम्डा म्हणजे काय, आणि नल. नलवर दोन दिवस जास्त द्या. एखादी गोष्ट असेल किंवा नसेल, हे कोटलिन प्रश्नचिन्ह लावून तुमच्याकडून आधीच वदवून घेतं. जावामध्ये हेच विसरल्यामुळे ॲप चालता चालता बंद पडायची. इनहेरिटन्सची गुंतागुंत, जेनेरिक्सचे बारकावे आत्ता सोडून द्या. गरज पडेल तेव्हा ते शोधत याल.

आता एक महिना कागदावर मांडा. तीस दिवस, रोज एक लिटर, भाव ६४ रुपये. तीन खाडे, आणि पाहुणे आले म्हणून दोन दिवस अर्धा-अर्धा लिटर जास्त. सत्तावीस अधिक एक, म्हणजे २८ लिटर. १७९२ रुपये. हा आकडा जपून ठेवा, तीच तुमची पहिली टेस्ट. कोडमधून १७९२ आलेच पाहिजेत.

पैसे आणि दूध ‘डबल’मध्ये, म्हणजे दशांश अपूर्णांकात, साठवू नका. ०.१ आणि ०.२ यांची बेरीज संगणक ०.३०००००००००००००००४ अशी देतो, कारण हे अपूर्णांक दोनच्या पटीतल्या त्याच्या मांडणीत नेमके बसत नाहीत. दूध मिलिलिटरमध्ये ठेवा, भाव पैशांमध्ये. दोन्ही पूर्णांक. २८००० गुणिले ६४००, भागिले १०००. आधी गुणा, मग भागा. स्क्रीनवर दाखवतानाच त्याचे रुपये करा. बँकेपासून किराणा दुकानापर्यंत पैशाचं कुठलंही ॲप करायला गेलात तरी ही सवय उपयोगी पडेल.

मग खरा प्रश्न येतो. सोळा तारखेपासून भाव ६४ चा ६६ झाला, तर? भाव सेटिंगमध्ये एकाच ठिकाणी ठेवला असेल तर तो बदलताच मागच्या सगळ्या महिन्यांचे हिशेब बदलतील. दूधवाल्याला मार्चमध्ये दिलेले पैसे आणि ॲपमधले मार्चचे पैसे जुळणार नाहीत. म्हणून भावाला त्याची तारीख द्यायची: अमुक दिवसापासून अमुक भाव. मग प्रत्येक नोंदीसाठी त्या दिवशी लागू असलेला भाव शोधायचा. हे सुचणं म्हणजे ॲप बनवणं. बटण कसं काढायचं ते कुठेही सापडतं.

स्क्रीनकडे कसं बघायचं

हिशेब जमला की स्टुडिओ उघडा. कंपोज २०२१ च्या जुलैमध्ये १.० झालं. त्याआधी स्क्रीन एक्सएमएल फाइलमध्ये लिहायची आणि कोडमधून त्यातल्या एकेका वस्तूला हाक मारून तिचा मजकूर बदलायचा अशी रीत होती. कंपोजमध्ये तुम्ही फक्त सांगता की माहिती अशी असेल तेव्हा स्क्रीन अशी दिसेल. माहिती बदलली की स्क्रीन नव्याने काढली जाते. लेबल शोधून बदलायचं नसतं.

हे डोक्यात बसायला एकच प्रयोग पुरेसा आहे. एक आकडा आणि एक ‘अर्धा जास्त’ असं बटण काढा. आकडा साध्या व्हेरिएबलमध्ये ठेवा. बटण दाबा: काहीच होत नाही, कारण आकडा बदलला हे कंपोजला कळलंच नाही. आता तो ‘म्युटेबल-स्टेट-ऑफ’मध्ये ठेवा आणि ‘रिमेंबर’ लावा. आकडा बदलू लागेल. फोन आडवा करा: आकडा गेला. ‘रिमेंबर-सेव्हेबल’ लावा: राहिला. शेवटी तो व्ह्यूमॉडेलमध्ये, म्हणजे स्क्रीनची माहिती सांभाळणाऱ्या वेगळ्या भागात, हलवा, आणि स्क्रीनला फक्त आकडा आणि ‘बटण दाबलं’ हा निरोप एवढंच द्या. हे चारही टप्पे हाताने, क्रमाने करा. कॉपी करून चौथ्यावर उडी मारली तर पुढे सहा महिने ‘स्क्रीन का बदलत नाही’ हेच शोधत बसाल.

त्यानंतर महिन्याची यादी ‘लेझी कॉलम’मध्ये, म्हणजे कंपोजच्या सरकत्या यादीत. रो, कॉलम, बॉक्स आणि मॉडिफायर यांवर पहिली आवृत्ती सहज उभी राहते. रंगसंगती आणि ॲनिमेशन यांना आत्ता हात लावू नका.

साठवण

नोंदी फोनमध्येच ठेवायला रूम ही लायब्ररी, म्हणजे आयता मिळणारा कोड, वापरा. आतून ते एसक्यूलाइट हा छोटा डेटाबेस आहे, त्यामुळे थोडं एसक्यूएल, म्हणजे डेटाबेसला प्रश्न विचारायची भाषा, येणं चांगलं. तारीख मजकूर म्हणून न ठेवता दिवसांच्या संख्येत ठेवा. लोकल डेट या तारखांच्या तयार वर्गाकडून (क्लासकडून) १ जानेवारी १९७० पासूनचे दिवस मिळतात. हा वर्ग अँड्रॉइड ८ पासून थेट वापरता येतो, म्हणून किमान आवृत्ती एपीआय २६ (अँड्रॉइड ८ चा डेव्हलपरांसाठीचा क्रमांक) ठेवली तर सोपं जातं.

रूममध्ये एका जागी फार जपायचं. पुढे कधीतरी तुम्ही तक्त्यात नवा रकाना घालाल, समजा ‘गाय की म्हैस’. तेव्हा डेटाबेसचा आवृत्ती क्रमांक वाढवून जुन्यातून नव्यात कसं जायचं ते मायग्रेशन लिहावं लागतं. ते न लिहिता अपडेट दिलंत, तर डेटाबेस उघडताना ॲप क्रॅश होतं. नेटवर शोधलं की ‘फॉलबॅक टू डिस्ट्रक्टिव्ह मायग्रेशन’ ही एक ओळ टाका असं सांगणारा कोणीतरी भेटतो, आणि क्रॅश थांबतोही. पण ती ओळ जुना डेटा पुसून टाकते. आईने वर्षभर लिहिलेला हिशेब तुमच्या एका ओळीने जाईल. मायग्रेशन लिहा, आणि आधी जुनी आवृत्ती असलेल्या एखाद्या फोनवर अपडेट करून बघा.

मराठीत ॲप करताना

घरच्यांसाठी ॲप म्हणजे ते मराठीतच हवं. स्क्रीनवरचं एकही वाक्य कोडमध्ये लिहू नका. सगळी स्ट्रिंग्जच्या फाइलमध्ये, आणि मराठीसाठी ‘व्हॅल्यूज’ला ‘एमआर’ जोडलेला वेगळा फोल्डर. अँड्रॉइड १३ पासून फोन इंग्रजीत ठेवून एखादंच ॲप मराठीत करता येतं, ती सोयही लावून द्या.

आता एक असा खड्डा सांगतो, जो इंग्रजी धड्यांमध्ये सहसा दिसत नाही. फोनची भाषा मराठी असेल तर ‘स्ट्रिंग फॉरमॅट’ आणि ‘सिंपल डेट फॉरमॅट’ आकडे देवनागरीत देतात. हिंदीत देत नाहीत, मराठीत देतात. भाषांच्या आंतरराष्ट्रीय माहितीसाठ्यात मराठीचे मूळ अंक देवनागरीच नोंदवलेले आहेत. स्क्रीनवर ते छानच दिसतं. पण माझ्या एका जुन्या ॲपमध्ये मी तारखा मजकूर म्हणून साठवत होतो. एका ताईंनी महिन्याच्या मध्यात फोनची भाषा इंग्रजीची मराठी केली. पंधरा तारखेपर्यंतच्या नोंदी इंग्रजी अंकांत, पुढच्या देवनागरीत. महिन्याचा शोध घेतला की अर्धाच महिना सापडायचा. माझा फोन इंग्रजीत होता, त्यामुळे मला ती चूक कधी दिसलीच नाही. त्यांनी पानाचा फोटो पाठवला तेव्हा उलगडा झाला.

तेव्हापासून माझा नियम असा: माणसाला दाखवायचं असेल तर फोनच्या भाषेत, डेटाबेसला किंवा सर्व्हरला द्यायचं असेल तर ‘लोकेल रूट’, म्हणजे कुठल्याही भाषेला न बांधलेली मांडणी, स्पष्टपणे लिहून. आणि टेस्ट करताना फोन एकदा मराठीत, एकदा इंग्रजीत.

दुसरं, आपलं अक्षर आणि संगणकाचं कॅरॅक्टर ही एक गोष्ट नाही. गोल चौकटीत नावाचं पहिलं अक्षर दाखवायला गेलात, तर ‘श्रीकांत’चा ‘श’ येईल आणि ‘क्षितिजा’चा ‘क’. नावाची लांबी मोजून मजकूर कापलात तर शेवटच्या अक्षराची मात्रा तुटेल. बटणाला ठरावीक उंची दिलीत तर वेलांट्या वरून कापल्या जातात. उंची मजकुराला ठरवू द्या. सेटिंगमधून अक्षरं सर्वांत मोठी करून सगळ्या स्क्रीन बघा. घरातली मोठी माणसं फोन तसाच वापरतात.

अडलात की

ॲप बंद पडलं तर स्टुडिओतल्या लॉगकॅटमधला, म्हणजे फोनच्या नोंदींच्या खिडकीतला, लाल मजकूर वाचा, पळून जाऊ नका. ‘कॉज्ड बाय’ने सुरू होणारी सर्वांत खालची ओळ शोधा, मूळ कारण बहुधा तिथे असतं. तिच्या खाली निळ्या अक्षरात तुमच्या स्वतःच्या फाइलचं नाव आणि ओळ क्रमांक दिसेल. तिथे जा.

नेटवरचा धडा जुना आहे का, हे ओळखायला शिका. ‘फाइंड व्ह्यू बाय आयडी’ दिसलं, तर तो कंपोजच्या आधीचा आहे. ‘एसिंक टास्क’ दिसलं, तर अँड्रॉइड ११ मध्येच ते मोडीत काढलंय. त्या जागी आता कोरूटीन्स, म्हणजे मागे चालणारी कामं करायची कोटलिनची पद्धत, आहेत. ‘इम्पोर्ट’च्या ओळीत ‘अँड्रॉइड डॉट सपोर्ट’ असेल, तर तो २०१८ च्या अँड्रॉइडएक्सच्या, म्हणजे गूगलच्या नव्या लायब्ररींच्या, आधीचा. स्टुडिओच्या आधी वापरात असलेल्या एक्लिप्सचं चित्र असेल तर पान बंदच करा. अँड्रॉइड स्टुडिओ २०१३ साली जाहीर झाला आणि २०१४ च्या डिसेंबरमध्ये १.० झाला. सगळं कोड जावात असेल, तर तो २०१७ च्या आधीचा असण्याची शक्यता जास्त, कारण गूगलने कोटलिनला अधिकृत पाठिंबा तेव्हा दिला आणि २०१९ मध्ये ‘आधी कोटलिन’ असं धोरण जाहीर केलं. जुन्या पद्धतीचं एक्सएमएल वाचता येणं मात्र पुढे नोकरीत लागतं, कारण कंपन्यांकडे तसा कोड अजून भरपूर आहे. ते दुसऱ्या वर्षी शिका.

एआय सहायकांना विचारायला हरकत नाही, मीही विचारतो. पण त्यांचा अभ्यास झालेला कोड कित्येक वर्षांचा असतो, त्यामुळे ते जुन्या लायब्ररीची जुनी आवृत्ती बिनदिक्कत देतात. ‘हे लिहून दे’पेक्षा ‘हे असं का होतंय’ असं विचारा, आणि मिळालेल्या कोडची प्रत्येक ओळ दुसऱ्याला समजावता येत नाही तोवर ती प्रोजेक्टमध्ये घेऊ नका.

गिट, म्हणजे कोडच्या प्रत्येक टप्प्याची प्रत जपणारं साधन, पहिल्या दिवसापासून वापरा. रोज संध्याकाळी एक कमिट, म्हणजे झालेल्या बदलांची नोंद, निरोप मराठीत लिहिलात तरी चालेल.

पद्धतशीर अभ्यासक्रम हवा असेल तर गूगलचा ‘अँड्रॉइड बेसिक्स विथ कंपोज’ हा मोफत कोर्स मी सगळ्यांना सुचवतो. त्यातला एक धडा झाला की तीच गोष्ट रतिबाच्या ॲपमध्ये करायची, मगच पुढचा. इंग्रजी जड जात असेल तर एक वही करा आणि प्रत्येक पानाचं सार आपल्या शब्दांत मराठीत लिहा. माझ्या पहिल्या दोन वर्षांच्या अशा तीन वह्या आहेत आणि त्या मी अजून चाळतो.

दुसऱ्याच्या हातात

ॲप चालू लागलं की एपीके, म्हणजे ॲपची इन्स्टॉल करायची फाइल, घरच्यांच्या फोनवर टाका आणि शेजारी गप्प बसा. ‘इथे दाब’ असं सांगायचं नाही. माझ्या आईने खाडा टाकण्यासाठी तारखेवर बोट दाबून धरायचं असतं हे कधीच शोधलं नसतं. ती सरळ तारखेवर टिचकी मारत राहिली. त्याच संध्याकाळी मी टिचकी मारली की ‘आला, खाडा, जास्त’ अशी तीन मोठी बटणं येतील असं केलं.

प्लेवर टाकायचं असेल तर थोडा संयम लागतो. १३ नोव्हेंबर २०२३ नंतर उघडलेल्या वैयक्तिक खात्यांना आधी बंद चाचणी घ्यावी लागते: किमान १२ माणसं, सलग १४ दिवस. सुरुवातीला ही संख्या २० होती, पुढे कमी केली. सोसायटीतले, कॉलेजातले बारा जण आधीच गोळा करा, आणि मधे कोणी गळणार हे धरून सोळा-सतरा घ्या. ॲप बंडल स्वरूपात फाइल चढवायची, गोपनीयता धोरणाचं पान द्यायचं आणि डेटाबद्दलचा अर्ज खरा भरायचा. तुमचं ॲप फोनबाहेर काहीच पाठवत नसेल तर तो अर्ज लवकर होतो.

ॲप तुमचंच आहे अशी सही करण्याची किल्ली, म्हणजे कीस्टोअर फाइल आणि तिचा पासवर्ड, दोन वेगवेगळ्या जागी ठेवा. गिटमध्ये टाकू नका. पूर्वी ही किल्ली हरवली की त्या ॲपला पुन्हा कधीही अपडेट देता यायचं नाही. लॅपटॉप फॉरमॅट करताना माझी एक किल्ली गेली, आणि वापरणाऱ्यांना ‘हे काढा, नवं टाका’ असं एकेकाला कळवावं लागलं. आता मुख्य किल्ली गूगलकडे राहते आणि चढवण्याची किल्ली विनंती करून बदलून मिळते. तरीही जपा.

पुढची वर्षं

आता सुरुवातीला म्हटलं त्याकडे येतो. रात्री आठला ‘आज दूध किती?’ अशी आठवण देणारं नोटिफिकेशन घ्या. २०१७ मध्ये अँड्रॉइड ८ आलं आणि नोटिफिकेशनला चॅनेल लागू लागलं. चॅनेल नसेल तर आठवण दिसतच नाही. २०२२ मध्ये अँड्रॉइड १३ ने त्यासाठी वापरणाऱ्याची परवानगी मागायला लावली. अँड्रॉइड १४ मध्ये नेमक्या मिनिटाला अलार्म लावायची मुभा बहुतेक नव्या ॲपना आपोआप मिळेनाशी झाली, तेव्हा लक्षात आलं की आठवण आठ वाजून दहा मिनिटांनी आली तरी काही बिघडत नाही आणि वर्कमॅनेजर, म्हणजे ॲप बंद असताना कामं करणारी लायब्ररी, पुरतो. अँड्रॉइड १५ ला टार्गेट केलं, म्हणजे ॲप त्या आवृत्तीचे नियम पाळतं असं जाहीर केलं, की ॲप स्क्रीनच्या कडांपर्यंत पसरतं, आणि तळाचं ‘जपून ठेवा’ बटण नॅव्हिगेशन पट्टीखाली गेलं. एका दुधाच्या ॲपने हे सगळे बदल माझ्या दारात आणून ठेवले. मी बातम्या वाचून शिकलो असतो तर यातलं निम्मंही डोक्यात राहिलं नसतं.

म्हणून माझं वर्ष असं चालतं. मे महिन्यात गूगल आय/ओ असतं. सगळी भाषणं बघत नाही, अँड्रॉइडमध्ये काय बदललं याचं एखादं तासाभराचं सत्र बघतो. नव्या अँड्रॉइडची ‘बिहेव्हिअर चेंजेस’ची दोन पानं असतात: एक सगळ्या ॲपना लागू होणाऱ्या बदलांचं, दुसरं नव्या आवृत्तीला टार्गेट करणाऱ्यांसाठी. ती दोन्ही कागदावर छापून माझ्या ॲपला लागू होईल त्यावर खूण करतो. तीस बदलांपैकी दोन-तीनच आपले असतात. मग ऑगस्ट. प्ले दर वर्षी टार्गेट एपीआयची पायरी वर नेतं. ३१ ऑगस्ट २०२५ पासून नवी ॲप आणि अपडेट यांना एपीआय ३५, म्हणजे अँड्रॉइड १५ लागू लागलं. जुनं ॲप फार मागे राहिलं तर नव्या फोनवाल्यांना ते प्लेवर दिसेनासं होतं. जून-जुलैमध्ये हे उरकलं की शेवटच्या आठवड्याची धावपळ नाही.

महिन्यातून एक संध्याकाळ लायब्ररींसाठी. सगळ्या एकदम वर नेऊ नका. एक गट, बिल्ड, फोनवर पाच मिनिटं वापरून बघणं, कमिट. मग पुढचा गट. काही मोडलं तर कशामुळे मोडलं ते लगेच कळतं. कोटलिन २.० हे मे २०२४ मध्ये आलं आणि कंपोजचा कंपायलर कोटलिनसोबतच येऊ लागला. त्याआधी दोघांच्या आवृत्त्या तक्ता बघून जुळवाव्या लागत. असे बदल रिलीज नोट्समध्ये सरळ लिहिलेले असतात. त्या वाचायला दहा मिनिटं लागतात आणि वाचणारे फार थोडे असतात. स्टुडिओमध्ये एखाद्या फंक्शनच्या नावावर आडवी रेघ दिसू लागली, की ते मोडीत निघतंय असं समजा आणि पर्यायाची नोंद करा. त्याच रात्री बदलायची गरज नसते.

दर आठवड्याला येणाऱ्या नव्या लायब्ररींकडे मी वर्षभर तरी बघत नाही. वर्षानंतरही लोक तिच्याबद्दल बोलत असतील तर बघतो. गूगलचं ‘नाऊ इन अँड्रॉइड’ नावाचं नमुना ॲप आहे, त्याचा कोड सगळ्यांना खुला आहे. मोठं ॲप कसं रचतात ते बघायला अधूनमधून तो वाचा, पण तुमच्या तीन स्क्रीनच्या ॲपला ती सगळी रचना घालू नका. पुण्यामुंबईत गूगल डेव्हलपर ग्रुपच्या भेटी होतात. तिथे भाषणापेक्षा चहाच्या वेळी जास्त शिकायला मिळतं. आपलं अडलेलं एक काम फोनवर घेऊन जा आणि कोणालाही दाखवा.

परदेशातल्या भावाकडे आयफोन आहे आणि त्यालाही ॲप हवंय, अशी वेळ आली की कोटलिन मल्टिप्लॅटफॉर्मकडे, म्हणजे तोच कोटलिन कोड आयफोनवरही चालवायच्या सोयीकडे, वळा. ते नोव्हेंबर २०२३ मध्ये स्थिर झालं, आणि कंपोजने आयफोनची स्क्रीन काढणंही मे २०२५ पासून स्थिर आहे. तुम्ही हिशेब स्क्रीनपासून वेगळा ठेवला असेल, तर दुधाची बेरीज जवळजवळ तशीच्या तशी तिकडे जाते. फक्त लोकल डेटच्या जागी कोटलिनचा स्वतःचा तारखांचा वर्ग घ्यावा लागेल.

आणि थोड्या दिवसांनी शेजारच्या काकू विचारतील, की इस्त्रीच्या कपड्यांचा हिशेबही यात बसेल का. लगेच कोड उघडू नका. त्यांच्या इस्त्रीवाल्याची वही मागून घ्या. साडीचा भाव वेगळा, शर्टाचा वेगळा. कपडे एका दिवशी जातात आणि दुसऱ्या दिवशी येतात. एखादा कपडा यायचा राहतो. दुधाच्या तक्त्यात यातलं काय बसतं आणि काय नाही ते कागदावर लिहा, एका महिन्याची बेरीज हाताने करून तिची टेस्ट आधी लिहा, आणि मग डेटाबेसचा आवृत्ती क्रमांक एकने वाढवा.